दोन झेंड्यांची आजी

एर्लांगेन, २३ ऑगस्ट २०१६

वासंतीताई यांस, स. न. वि. वि.

शनिवारी, वीस ऑगस्टला, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी आपल्या नीनाने तुमच्या बेटावरच्या मैदानात गोल मारला आणि धावत जाऊन ती तुमच्या गळ्यात पडली. मी, तिच्या बापाची आई, तीन गाड्या आणि फेरीबोट करून आलेली, लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. शेजारच्या बाईंना तिने आमची ओळख काय करून दिली? ही आजी, आणि ती एर्लांगेनची ओमा! ओमा म्हणजे जर्मन लोकांची आजी; मी काय जर्मन आहे? आजी हा शब्द तिला मी शिकवला, पाळण्यात.

अख्ख्या बेटावर संघ दोनच, त्याला म्हणे लीग. खेळ ऑस्ट्रेलियाचा, चेंडू अंड्यासारखा, आणि गोलमागे पंच तुम्ही. गोलला दोन झेंडे, थोडक्यात हुकला तर एक. फडकावत तर अशा होतात, जणू सव्वीस जानेवारी! लेकीकडे राहता म्हणून नात एकटीची होत नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला आधी वाटून खायला शिकवायच्या.

लोभ आहे, तूर्त पातळ झाला आहे.

मालिनी

बेटावरून, ३० ऑगस्ट

मालिनीताई यांस, स. न. वि. वि.

लाडू दोन्ही संघांनी संपवले. अहो, इथे माणसंच कमी, म्हणून माझ्या हाती झेंडे आले. नीनाची हाक ऐकून पोरं, मास्तर, फेरीबोटीचा कप्तान, सगळेच मला आजी म्हणू लागले. परवा नीनाने विचारलं, की तुझं आजी हे नाव कुणी ठेवलं? तिला ते माझं नावच वाटतं! मग तुम्हाला ती त्या नावाने कशी हाक मारेल?

तुम्हाला निदान नात्याने बोलावते. मला ती आणि तो कप्तान एकाच हाकेने. शिवाय एर्लांगेनची ओमा परत कधी येणार, हे रोज विचारते. मला ते ऐकवत नाही. आता सांगा, जळायचं कुणी?

लोभ पातळ चालेल, नासू देऊ नका.

वासंती (गावभर आजी)

एर्लांगेन, ५ सप्टेंबर

वासंतीताई यांस, स. न. वि. वि.

तुम्हीही जळता हे वाचून फार बरं वाटलं. सिस्टरांना कळू नये. पण शब्द माझा आहे, तो मला परत हवा. चोवीस सप्टेंबरच्या शेवटच्या सामन्याला मी येते आहे. एक झेंडा माझ्या हाती द्यायचा. गोल झाला तर दोघींनी मिळून वर करायचे. हुकला तर तुमचा एकटीचा.

आजी म्हणजे काय, ते नीनाला नीट समजवा. समजलं की नाही, हे तिच्या हातच्या मराठी पत्रावरून ठरेल. ते पंधरा सप्टेंबरच्या आत टपालाने यावं. फोन चालणार नाही. पाकिटावर ओमा लिहिलेलं दिसलं, तर न फोडता परत पाठवीन.

मालिनी आजी