चार नंबरच्या भिंतीतली नळी

७ डिसेंबर १९५४, मंगळवार

वरोरा स्टेशनवर कंपनीची जीप घ्यायला आली होती. एम.एस्सी. होऊन जेमतेम सहा महिने, आणि ड्रायव्हर मला साहेब म्हणतो! एवढ्या मोठ्या सल्लागार कंपनीत लागल्याचे फायदे आजच दिसले: स्वतंत्र खोली, पांढरीशुभ्र चादर, डब्यातलं लोणी. तोटा एकच, जंगलातल्या या कोळसा खाणीवर गप्पा मारायला कुणी नाही. आमचे वरिष्ठ गुणवंतराव म्हणाले, आपण फक्त सल्ला द्यायचा. करणारे मालक, निस्तरणारेही मालक. हे मला फार आवडलं.

८ डिसेंबर

काम समजलं. रविवारी चार नंबरच्या बोगद्यात आग लागली. आतले चार मजूर त्याच दिवशी गेले, असं गुणवंतराव म्हणाले. आमच्याच सल्ल्याने जाड भिंत बांधून आगीची हवा तोडली. भिंतीतून एक लोखंडी नळी आत जाते. रोज सकाळी तिची तोटी उघडायची, आतली हवा बाटलीत ओढून तपासायची, तोटी पुन्हा घट्ट बंद करायची. विषारी वायू उतरला की आग विझली असं समजून भिंत फोडायला सांगायचं. नळीला कुजका, ओलसर वास आहे. जेवताना लोणी नकोसं झालं.

९ डिसेंबर

तोटी उघडली की नळी हवा आत ओढते, मग बाहेर टाकते. गुणवंतराव म्हणाले, हवेचा दाब बदलतो, बंद खाणी असा श्वास घेतातच. मुकादम जलालुद्दीन शेजारी होता. त्याने नळीला नाक लावलं आणि हळूच विचारलं, "साहेब, कोळशाले कांद्याचा वास येते काय?"

मी हुंगलं. कांदा, बिडी, न धुतलेलं तोंड. बाहेर येऊन ओकलो.

१० डिसेंबर

विषारी वायू जवळजवळ नाहीच. म्हणजे आग विझली. गुणवंतराव म्हणाले, तीन आठवडे बंद ठेवा असं आपण लेखी दिलंय, पाचव्या दिवशी शब्द कसा फिरवायचा? कालचाच चढा आकडा लिही. मी लिहिला. खाली सही केली.

खाणीच्या तोंडाशी मुखरूची बायको रंभा बसून असते. मुखरू त्या चौघांतला. मला म्हणाली, "भाऊ, माहा माणूस आत जिता हाये. तुमी काऊन आयकून नाई राह्यले?" तपासणी चालू आहे, असं मी सांगितलं. स्वतःच्या आवाजाची किळस आली.

११ डिसेंबर

नळीचं तोंड ओलं होतं. बोटाला चिकट — थुंकीसारखं. तोटी फिरवताना आतून ओढ लागली, वासरू सड ओढतं तशी. बंद केली. नियमाप्रमाणे. घट्ट.

१२ डिसेंबर

आज ओढ नाही. वास तोच. साबणाने तीनदा हात — जात नाही.

१३ डिसेंबर

जलालुद्दीनने कुणाला न विचारता मजूर जमवून भिंत फोडली. आत आग नव्हती. चौघे नळीपाशीच, एकमेकांना टेकून, पाळीची वाट पाहत असल्यासारखे. मुखरू पुढे. त्याचे ओठ नळीवर — सुटेनात, चामडी लोखंडालाच —

जलालुद्दीन माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, हे मुडदे रविवारचे नाई."

मी रोज तोटी —

१४ डिसेंबर

गुणवंतराव म्हणतात, अहवालात 'मृत्यू पहिल्याच दिवशी' असं घाल, कंपनी तुला सांभाळून घेईल. आरशात पाहिलं. ओठांभोवती काळी गोल खूण, नळीएवढी. पुसली जात नाही. श्वास सोडला की कांदा — माझा श्वास नाही हा —

अहवाल लिहिणार नाही. इथे लिहितो. शुक्रवारी मी खोट्या आकड्याखाली सही केली तेव्हा ते जिवंत होते. मला कळलं होतं. तोटी मी, याच हातांनी — खिडकी उघडी आहे तरी हवा पुरत नाही — मुखरूभाऊ, एकदा सोड, एकच श्वास —