बाग घरात येत नाही

चि. ठकीस,
देव तुला सुखात ठेवो.

तू स्वतःच्या मनाने लग्न केलंस त्या दिवशी बाबांनी बजावलं, "या घरात तिचं नाव निघता कामा नये." मी त्यांचा शब्द मोडला नाही. पण बाग काही घरात येत नाही. देवाची फुलं काढायला गेले की मी तुझं नाव घेते. आधी हळू घ्यायचे, आता चांगलं मोठ्याने घेते. तांदूळ धुतलेलं पाणी शेवंतीला घालताना तुझ्यावरचा रागही तिलाच सांगते. तेवढा वेळ जीव हलका होतो. आत आले की पुन्हा तोंडाला कुलूप. विकतची फुलं काटकसर म्हणून बंद केली, असं बाबांना सांगितलं होतं.

परवा ते खुर्ची घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मी नुसतीच फुलं काढू लागले.

"थांबलीस का? खिडकीतून रोज ऐकतो मी."

"मग तुम्ही रागावला नाहीत?"

"तू घरात कुठे बोलतेस?" मग पाठ न वळवताच म्हणाले, "बरी असेल ना गं ठकी?"

दोन वर्षांत मी तुझी साधी खुशालीही विचारली नाही.

त्यांच्या चोरून हे पत्र मी टाकणार नाही. उद्या फुलं काढताना विचारेन. ते नाही म्हणणार नाहीत, असं वाटतं. आलीस तर पुढच्या दाराची कडी वाजवू नकोस. मागच्या फाटकाने ये. सकाळी आम्ही दोघं तिथेच असतो.

तुझी वाट पाहणारी,
आई