पेरूखालची लाल डबी

५ डिसेंबर
अक्काच्या परसात सुरुंगांची पेरणी. वृंदाचा, म्हणजे अक्काच्या लेकीचा, सुरुंग शोधायचा प्रयोग. कॉलेजात शिकवते. जमिनीवर डब्या मांडायच्या; खाली धातू असला की त्या डबीचा दिवा लाल, आणि डब्या आपसांत बिनतारी बोलून जागा लॅपटॉपवर दाखवतात. खरे सुरुंग मिळत नाहीत (बरंच आहे). सुभाष रोडवरून स्टीलचे डबे आणून पुरले. दुकानदार : "घरी मुंज काय?" हो म्हटलं.

तिनं यंत्राला संस्कृत नाव मागितलं. दिलं : भूगर्भस्फोटकान्वेषिणी. "मामा, डबीवर मावेल असं सांगा की."

अक्का हसली. तिचा मुलगा विनू गेल्यापासून पहिल्यांदाच बहुधा.

७ डिसें.
पुरलेलं सगळं सापडलं. वर एक जादा. पेरूखाली आम्ही काहीच पुरलेलं नाही, तरी लाल. डब्या बदलून पाहिल्या. लालच. वृं. रडकुंडीला. शुक्रवारी लष्करातले दोघे इथेच येणार. लाल दिसेल तिथे स्वतः खणून बघणार. तिनं कुदळ उचलली तर अक्का दारातून, "ब्याड अंदर ब्याड!" नको म्हणजे नको. संतापली की कानडी.

वृं. : "विनूच्या पायाखालचा सुरुंग कुणाला सापडला नाही, म्हणून करतेय ना हे मी!"

अक्का आत गेली. चहा तिघांचाही निवला.

सीमेवरची ती बातमी पेपरात मीच दिली होती. भाचा हा शब्द बातमीत बसत नाही.

८ डिसें.
फुलं काढता काढता अक्का : "विनूची नाळ आहे रे तिथे. आईनं तांब्याच्या गडूत घालून पुरली होती. त्याचं तेवढंच अख्खं उरलंय."

वृं.ला सांगितलं. "म्हणजे यंत्र बरोबर होतं. पण न खणता पटवू कसं, मामा?"

आप्तवाक्य, म्हणजे भरवशाच्या माणसाचा शब्द, हेही प्रमाण आहे, म्हटलं. लष्करात चालत नाही म्हणे.

११ डिसें.
वृं.नं पेरूखालची डबी उचलली. "तेवढी जागा सोडते, आई."

अक्का भाजी निवडत होती. मान वर न करता, "तिकडं सीमेवर पण एखादी अशीच सोडशील?"

शुक्रवार
सकाळी पाहतो तर डबी पेरूखाली परत. लाल. शेजारी खुर्ची टाकून अक्का बसलेली, अंगावर विनूच्या मुंजीतलं लुगडं. वृं. लॅपटॉप उघडून नुसतीच उभी. मी ओट्यावर हे लिहितोय, दुसरं काय करणार.

जीप दाराशी थांबली. अक्का उठली नाही. कुदळ तिच्या मांडीवर. "खणायचं तर मीच," म्हणाली.