खुशाली विचारणार नाही

करी रोड,
२५ जानेवारी २०२६

प्रिय कालिंदीमावशी,
साष्टांग नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला समोरच्याची खुशाली विचारायची असते, हे तूच मला शिकवलंस. मी विचारणार नाही. मुद्दाम. आमचं इथलं सांगते. आईला बढती मिळाली. बाबांनी खिडकीत पुन्हा मिरच्या लावल्या आणि त्या पुन्हा मेल्या.

तू आईला म्हणालीस म्हणे, "पोरगी मोठी झाली, आता मावशी कशाक होई तिका?" महिनाभर माझा फोन नाही म्हणून रुसली आहेस. रूस. पण कारण ऐकून रूस. फोनवर ते सांगता येत नाही, कारण तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून तोच प्रश्न निघतो.

रोज शाळेत जायच्या आधी मी विचारायचे, "मावशी, बरी आहेस ना?" तू म्हणायचीस, "बरी आसंय गो बाय." मी पुन्हा विचारायचे. तुझा आवाज जरा खोल गेला, मध्येच कुकर वाजला, की परत पहिल्यापासून. त्यात शाळेचा पहिला तास बुडायचा. बाई वर्गाबाहेर उभं करायच्या. ठाकूरद्वारला तुझ्या वाडीत मात्र भाचीच्या मायेचं कोण कौतुक.

माया आहेच, मावशी. पण ते फोन मायेचे नव्हते. तू मला मोरीत पडलेली दिसायचीस. डोळे उघडे. विचारलं नाही तर ते खरं होईल आणि माझ्यामुळे होईल, असं वाटायचं. खोटं आहे हे कळायचं, तरी वाटायचं. कुणाला सांगितलं नाही, कारण आपल्याच माणसाबद्दल असलं मनात येणारी मुलगी किती वाईट असेल, याचीच लाज वाटायची.

पूर्वपरीक्षेत गणिताच्या दिवशी सकाळी तू फोन उचलला नाहीस. मी कोरा पेपर देऊन वर्गातून उठले आणि टॅक्सी करून तुझ्याकडे आले. तू बांगडे घेऊन जिना चढत होतीस. मला शिरा करून घातलास आणि शेजारच्या रखमाकाकूंना हाक मारून सांगितलंस, परीक्षा टाकून आली माझी पोर. मी गणितात नापास झाले होते आणि तुझा ऊर भरून आला होता. मी शिरा खाल्ला. खरं तर मला तुझ्यावर ओरडायचं होतं.

त्यानंतर आई मला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला ओसीडी म्हणतात, नको ती भीती मनात अडकते आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावते, असा हा आजार पुष्कळ मुलांना असतो. हा हट्ट नाही, बाहेरची बाधा तर मुळीच नाही, तेव्हा गावी देवाला गाऱ्हाणं घालायचं राहू दे. आता मी विचारायचं नाही आणि विचारलंच तर कुणी उत्तर द्यायचं नाही. भीती वाटली तर वाटू द्यायची. वाटते. आत्ताही वाटतेय, तरी लिहितेय. वाटू दे.

बोर्डाच्या गणिताच्या पेपरला मी तुला फोन न करता जाणार आहे. शेवटची घंटा होईपर्यंत जागची उठणार नाही. तू मोरीत दिसलीस तर दिसशील, मी गणितं सोडवीन.

पेपर सुटला की तडक तुझ्याकडे जेवायला येते. बांगडे तळून ठेव, शिरा नको. दार उघडलंस की कशी आहेस ते मी विचारणार नाही, आणि तूही आपणहून सांगायचं नाहीस.

या पत्राला उत्तर धाडू नकोस. मी वाट बघीन, तरीही धाडू नकोस.

खुशाली न विचारता,
तुझीच
अनुजा