रुमालातली गाठ

प्रिय जोडीदारा,

रविवारी तुझ्याकडे तासभर बसलो, तुझ्या प्लास्टरवर लेकीनं काढलेल्या मांजरीचं कौतुक केलं आणि जे सांगायला आलो होतो ते न सांगताच परत फिरलो. वहिनींनी ताट वाढलं आणि मीठ बरोबर आहे ना, म्हणून विचारलं. घास घशातच अडकला माझ्या. त्यांना वाटलं, ठसका लागला. बिचारीनं धावत पाणी आणलं. तोंडावर बोलायची छाती नाही, म्हणून हा कागद.

गोदामात सगळे तुझी आठवण काढतात. तुझ्या जागी आलेला गडी इतका कण्हतो, की त्यानं पेटी उचललीय की पेटीनं त्याला, तेच कळत नाही. आपण दोघांनी अकरा वर्षं फरशांच्या पेट्या वाहिल्या. मी पुढे, तू मागे. फळीवरून ट्रकमध्ये चढताना सगळा भार मागच्यावर येतो, पण तू एकदाही बाजू बदलून मागितली नाहीस. पहिल्याच उन्हाळ्यात त्या तापलेल्या पत्र्याखाली माझ्या पोटरीत गोळा आला, तेव्हा रुमालाच्या टोकाची गाठ सोडून तू माझ्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलंस. वर तांब्याभर पाणी पाजलंस आणि चार शिव्याही हासडल्यास. त्यानंतर रोज दुपारी आधी माझा तळहात, मग तुझा.

पुढे माझी पाठ गेली आणि साहेबांनी मला मुकादम केलं. कामगारांचं खाणं सुधारायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. वरच्या ऑफिसातून तक्ता आला होता: तेल कमी, साखर कमी, मीठ कमी. सगळंच वाईट झालं असं नाही रे. तळणाच्या जागी पालेभाजी आली, फळं आली. ट्रकवाल्या काकांची जळजळ थांबली, ते अजून दुवा देतात. साहेबांनी चार लोकांत पाठ थोपटली आणि मी हवेत गेलो. मग मी टेबलांवरच्या मिठाच्या वाट्याही उचलल्या. तक्ता पंख्याखाली बसणाऱ्यांचा होता. दिवसभर घाम गाळणाऱ्याचं काय होतं हे तक्ता लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल, पण मला होतं. तू दोनदा येऊन हळूच सांगितलंसही. मी ऐकल्यासारखं केलं.

आणि मग तो मंगळवार. जेवणघरात तू रुमाल काढलास आणि मी तुला हटकलं. भर पंगतीत, बत्तीस माणसांसमोर. चोरटा माल पकडला म्हणून ओरडलो आणि ते मीठ तुला मोरीत झटकायला लावलं. लोक हसले. तूही हसलास. माझा मान राहावा म्हणून हसलास, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी माघार घेतली नाही. त्या आठवणीनं आजही कानशिलं तापतात. दोन दिवसांनी फळीवर तुझ्या पोटरीत गोळा आला, पाय सुटला आणि पेटी तुझ्या नडगीवर आली. तिथं पोचलो तर तुझा रुमाल फळीखाली पडलेला. टोकाला गाठ नव्हती. माझा शब्द पाळला होतास तू.

आता खरी गोष्ट सांगतो. दवाखान्यात तुझ्यापुढे मी एक कागद धरला होता. औषधपाण्यासाठी लागतो म्हणालो. माझं अक्षर बघून तू न वाचताच सही केलीस. त्यात लिहिलंय, की कामगार उपाशीपोटी कामावर आला, सूचना पाळल्या नाहीत, चूक त्याचीच. माझी मुकादमी जाईल म्हणून घाबरलो आणि तुझी भाकर पणाला लावली. शेण खाल्लं मी. त्या कागदावरून साहेबांनी ठरवलंय, की पाय बरा झाला तरी तुला परत घ्यायचं नाही. वहिनींना हे ठाऊक नाही. तुलाही नव्हतं.

आज सकाळी मी साहेबांच्या टेबलावर दुसरा कागद ठेवला. मीठ, मोरी, ती फसवून घेतलेली सही, सगळं लिहिलंय. त्यांनी दोनदा वाचला आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. नंतर कळलं, उद्या तुला बोलावणं येईल. माझ्याकडे बघून काही सावरून घेऊ नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे. नक्कल सोबत जोडली आहे. या वेळी सही मागत नाही, फक्त वाच. वाट्या टेबलांवर परत ठेवल्यात. पण मी समोर बसलेला असलो की अजून कुणी हात लावत नाही. मला मुकादमीवरून काढलं तर फळीवर परत येईन, पाठ असली काय नि नसली काय. तू बरा होऊन आलास आणि माझ्यासोबत पेटी उचलायला तयार झालास, तर या खेपेला मागे मी राहीन.

तुझाच,
इतकी वर्षं पुढे राहिलेला