गोठ्यात गुरं नाहीत

४ डिसेंबर १९३३

पोहोचले एकदाची! कर्जत स्टेशनापासून बैलगाडीने दहिवली मागे टाकून इथवर येताना हाडं खिळखिळी झाली, पण मन कसं हलकं आहे. डोंगराच्या पायथ्याशी कौलारू प्रयोगशाळा, मागे झरा, बाजूला नुकताच चुना दिलेला लांबलचक गोठा आणि आम्हां विद्यार्थिनींच्या दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत पनवेलची झोहरा. ती वर्षभर आधी आली आहे. खूप हसते, पण चेहरा पांढराफटक.

संस्थेत गुरांना पिडणाऱ्या जळवांवर काम चालतं. माझा विषय नाकातली जळू. झऱ्याच्या पाण्यातून दोऱ्याएवढी आत जाते आणि जनावराच्या नाकात बसून रक्त पीत वाढते. लिहितानाही शी म्हणावंसं वाटतं. पण यातून एम.एस्सी. झाले, तर काकांनी माझ्यासाठी पाहून ठेवलेल्या अलिबागच्या बिजवराला आई ठणकावून नाही म्हणू शकेल. एवढ्या बोलीवर तर काकांनी मला इथे येऊ दिलं.

संचालक डॉ. टिपणीस स्वतः फाटकापाशी आले. माझ्या मुलांना इथे घर आठवता कामा नये, म्हणाले. प्रत्येकीला वेगळा माठ आहे, त्यावर खडूने नाव. रोज सकाळी डॉक्टर तो स्वतःच्या हातांनी झऱ्यावर भरतात. ही वहीसुद्धा त्यांनीच दिली. तब्येतीचं, मनाचं, सगळं लिहीत जा, म्हणाले.

आईने दिलेलं मलमलीचं फडकं माठावर बांधायला घेतलं, तर झोहरा हसायला लागली. इथे पाणी गाळायचं नसतं गं, डॉक्टरांना अपमान वाटतो, म्हणाली. फडकं ट्रंकेत ठेवून दिलं.

१५ डिसेंबर

काम आवडायला लागलंय. बरणीतल्या जळवा रबरासारख्या ताणतात, आखडतात. चिमट्याला चिकटल्या की मी हात झटकते. डॉक्टर म्हणतात, किळस ही नवशिक्याची खूण, जाईल. त्यांनी आज शिकवलं की ही जळू एरवी दडून बसते, पण जनावराने पाण्याशी तोंड नेलं की ओलाव्याला हपापून टोक बाहेर काढते. तेव्हाच चिमट्यात धरायची.

आमच्या खाण्यापिण्याची किती काळजी! गूळ, खारीक, पालक, दूध. दर रविवारी आमची वजनंही करतात. काटा गोठ्यात टांगलेला आहे. गुरांच्या पट्ट्यात बसायची लाज वाटते. झोहरा म्हणते, मजा असते, झोके घ्यायचे.

ठाकरवाडीची आवडी झाडलोटीला येते. ती आपलं पाणी वाळवलेल्या भोपळ्यात घेऊन येते. मी कारण विचारलं तर फटकळपणे म्हणाली, तुमचं पानी शिकल्यासवरल्यांचं, आमाला नाय पचत. मग गोठ्याकडे मान उडवून म्हणाली, बाई, गुरुजी हाय, गोठा हाय, काटा हाय, मंग गुरं कुटं हायती गं?

खरंच, कुठे आहेत? डॉक्टरांना विचारलं. येतील, म्हणाले.

३ जानेवारी १९३४

डोकं जड. सकाळी नाकातून रक्त आलं. झोहराचं तर रोजचंच. दोघी मिळून डॉक्टरांकडे गेलो. खोल्यांत ओल आहे, झोप लागत नाही, चार दिवस घरी जाऊ द्या, असं सगळं सांगितलं. इतक्या आस्थेने आमची तक्रार आजवर कोणी ऐकली नव्हती. कोणत्या नाकपुडीतून, केव्हापासून, आत काही सरकल्यासारखं होतं का, सगळं विचारून लिहून घेतलं. घरी मात्र एवढ्यात नको, म्हणाले. काम अर्धवट राहील. उद्यापासून गूळ वाढवतो.

१४ जानेवारी

आज तिळगूळ घेऊन झोहराच्या खोलीत गेले. ती मोरीत वाकून तोंड धूत होती. मी परत फिरणार तोच तिच्या नाकाखाली काहीतरी दिसलं. काळपट, ओलं, करंगळीएवढं. पाण्याकडे लांबलं, हवेत इकडेतिकडे चाचपडलं आणि सुळकन आत गेलं.

ती वळली, हसली. नाकातून लाल ओघळ आला. जिभेने पुसला तिने. जिभेने!

तिळगूळ तिच्या हातावर ठेवून मी बाहेर येऊन ओकले.

१५ जानेवारी

रात्रभर माझंही नाक हुळहुळत होतं. सर्दी असेल. सर्दीच असेल.

आवडी म्हणाली, आमचा ढवळ्या असाच शिंकून शिंकून गेला. इथल्या गोठ्यातल्याच गुरांची लागण झाली म्हणून मागल्या सालापासनं वाडीने डॉक्टरला परत गुरं दिली नायत.

म्हणजे मागल्या वर्षापासून इथे जनावरच नाही. मग बरणीतल्या जळवा इतक्या टपोऱ्या कशा?

१६ जानेवारी

भर दुपारी परातीत पाणी घेऊन बसले. नाक पाण्याशी नेलं. वाट पाहिली.

आली.

थंड. वरच्या ओठावरून सरकत — माझ्याच चेहऱ्याचं पाण्यातलं प्रतिबिंब, आणि त्यातून ती — मी किंचाळले, ती आत गेली. माझ्या आत.

डॉक्टर धावत आले. त्यांना जराही नवल वाटलं नाही. शांतपणे म्हणाले, जनावर बिचारं कसं वाटतं ते सांगू शकत नाही, मुली. तू लिहू शकतेस. म्हणून तर पदवीधर घेतो आम्ही.

२२ जानेवारी

झोहराला पहाटे गाडीत घालून नेलं. मुंबईला, म्हणतात. ती उठूही शकत नव्हती. आवडी तिचा माठ घासते आहे. नाव पुसलं.

प्रयोगशाळेत नवी बरणी. आत अंगठ्याएवढी, फुगलेली, संथ. चिठ्ठीवर एकच अक्षर — झ.

डॉक्टर तिच्याकडे लेकीकडे पाहावं तसं पाहत होते.

२५ जानेवारी

चिमटा मिळवला. आवडी परात घेऊन समोर बसली. ओढा बाई, मी धरते तुमचं डोस्कं, म्हणाली. डॉक्टर दाराशी उभे राहिले. त्यांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, आत्ता काढलीस तर वाढ अपुरी. प्रबंध अपुरा. अपुऱ्यावर मी सही करत नाही.

टोक बाहेर आलं होतं. चिमटा हातात होता. अलिबागचा तो माणूस, त्याचे तपकिरीने पिवळे झालेले दात — आईचा चेहरा —

मी मान मागे घेतली.

आवडी थुंकली आणि परात उपडी करून निघून गेली. परत आली नाही.

९ फेब्रुवारी

आवाज बसला. एक नाही, घशातही आहे. गिळताना वळवळते. गुळाची वाट पाहते मी. माझी आहे की तिची, ती भूक —

रविवारी वजन केलं. झोके घेतले.

आज जेवताना ताटात लाल ठिपका पडला. कालवून खाल्ला. किळस आली नाही. त्याचीच किळस येते, आणि तीही थोडीशीच —

१६ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, आता थोडंच राहिलं. सहीचा कागद दाखवला. माझं नाव सुंदर अक्षरात.

१७ फेब्रुवारी

नवी मुलगी आली. पेणची. जया. गाडीतून उडी मारली. टवटवीत गाल. झोहराच्या खोलीत.

माठावर तिचं नाव मी लिहिलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. कागद त्यांच्या हातात होता, दौतही —

तिने पिशवीतून स्वच्छ फडकं काढलं. आईने दिलंय, म्हणाली. माठावर बांधायला लागली.

बांध गं. घट्ट बांध. मनात ओरडत होते. घशात ती वळवळत होती, डॉक्टर माझ्याकडे बघत होते —

मी हसले. म्हटलं, इथे पाणी गाळायचं नसतं गं.