मेघाच्या हातातला तनुजाचा चेक

छावणी, छत्रपती संभाजीनगर
२ सप्टेंबर

तीर्थरूप कालिंदीताईस,

श्रीधरचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त मनातल्या मनात). नांदेडचा उकाडा कमी झाला का? कानाचं नवं मशीन नीट बसतं का? नसेल बसत तर काढूनच ठेव; हल्ली ऐकण्यासारखं कुणी काही बोलत नाही. इथं सगळे खुशाल आहेत, फक्त मी संतापलेला आहे.

भावोजींच्या नावानं तू आमच्या ज्येष्ठ मंडळाला पैसे दिलेस, त्याचं काय झालं, असं तू दोनदा विचारलंस. सांगतो. एका गरजू मुलीची विद्यापीठाची फी भरायची, एवढंच काम होतं. तू मुख्याध्यापिका असताना अशा चार पोरींच्या फिया मधल्या सुट्टीत भरून यायचीस. आम्ही अकरा निवृत्त माणसं, दोन महिने, सहा बैठका, आणि दर बैठकीला माणशी एक कचोरी (बद्रीनाथरावांना दोन).

मुलगी मात्र आम्ही सोनं निवडली होती. तनुजा, सिल्लोडजवळच्या खेड्यातली, बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली, इथं एम.एस्सी.ला नंबर लागलेला. वडील नाहीत, आई सरूबाई गावच्या शाळेत खिचडी शिजवते. फी भरायची शेवटची तारीख चौदा ऑगस्ट. पण आमचे अध्यक्ष बद्रीनाथराव (कापसाच्या व्यापारात गबर झालेले) म्हणाले, गरिबी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मंडळाचा पैसा सुटणार नाही. म्हणून आम्ही पाच जण एसी गाडीतून गरिबी बघायला गेलो. दारातच अध्यक्ष थबकले. घरात फ्रीज! "फ्रीज हाय की वो हिच्या घरात, हिला कशाला मदत?" असं ते चहा पिता पिता, त्या माउलीच्या तोंडावर म्हणाले. सरूबाई उठली आणि फ्रीजचं दार उघडलं. आत वरपासून खालपर्यंत पुस्तकं. "उंदरापायी ठिवलीत सायेब. लोकांनी टाकून दिल्याला फिरीज हाय, चालत नाय." ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अध्यक्षांनी मात्र दुसरा चहा मागितला.

बरं, गरिबी पास झाली, तर चेक देऊन मोकळं व्हावं की नाही? नाही! चेक व्यासपीठावर, पाहुण्यांच्या हस्ते, शाल-श्रीफळासकट द्यायचा, असा मंडळाचा रिवाज. गुपचूप दिलं तर त्याला दान म्हणत नाहीत, असं सेक्रेटरी साहेबरावांचं मत. पाहुण्यांनी तेरा तारीख दिली. पण निमंत्रणपत्रिका छापण्यात घोळ झाला, पुन्हा छापल्या, पुन्हा घोळ, आणि तेरा तारीख हातची गेली. पाहुणे आता एकदम चोवीसला मोकळे. चौदा तारखेला तनुजानं मला तीनदा फोन केला. "काका, आज पाचला फीची खिडकी बंद व्हते. चेक आज द्या, सत्काराला मी चोवीसला येतेच की." इतकं साधं बोलणं अकरा जणांत एकालाही सुचलं नव्हतं. मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, रिवाज मोडता येणार नाही. पाच वाजले, खिडकी बंद झाली, पोरीची जागा गेली.

तरी चोवीसला समारंभ झाला! तनुजाची खुर्ची रिकामी. बद्रीनाथराव स्वतःच्या गरिबीवर पाऊण तास बोलले. मग फोटोची वेळ आली, तेव्हा साहेबरावांनी सूत्रसंचालन करायला आलेल्या आपल्या भाचीला, मेघाला, पुढं ढकललं, तिच्या अंगावर शाल घातली आणि हातात चेक दिला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, खाली नाव तनुजाचं. (मेघाच्या वडिलांची दोन हॉटेलं आहेत.) असल्या मंडळाला आग लावावी, असं मला वाटतं. नावासाठी हपापलेली माणसं! ह्यांना विद्येचं काही नाही, शालीचं कौतुक. मी राजीनामा लिहून ठेवला आहे.

काल गुलमंडीत साडीच्या दुकानात गेलो, तर तनुजा काउंटरमागे साड्यांच्या घड्या घालत होती. नोकरी धरली आहे. मला पाहून तिनं आधी पाणी दिलं. मी म्हणालो, पोरी, चेक अजून मंडळातच आहे, घेऊन जा, पुढच्या वर्षी कामी येईल. ती शांतपणे म्हणाली, "नको काका. फोटो मेघाचा आलाय, पैसे बी तिलाच द्या." ताई, मी साडी न घेताच बाहेर पडलो.

प्रकृतीला जप. लहानांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर

ता. क. पत्रिकांच्या घोळाबद्दल तुला आणखी कुणाकडून कळायच्या आत मीच लिहितो. घोळ छापखान्याचा नव्हता. कोषाध्यक्ष म्हणून माझं नाव आठवं आणि बारीक टायपात होतं, म्हणून मी पत्रिका परत पाठवल्या. दुसऱ्यांदा टाइप मोठा झाला, पण नाव आठवंच राहिलं, म्हणून चेकबुक आठ दिवस कपाटात कुलपात ठेवलं. चौदा तारखेला ते तिथंच होतं आणि किल्ली माझ्या जानव्याला. मंडळाला आग लावायची तर सुरुवात माझ्यापासून करावी लागेल.

ता. क. २. आता कामाचं. विद्यापीठात रिकाम्या जागांची आणखी एक फेरी शुक्रवारी आहे. मी आज माझी ठेव मोडून दोन वर्षांच्या फीएवढी रक्कम तुझ्या खात्यात टाकली आहे. तनुजा माझा फोन उचलत नाही. नंबर सोबतच्या चिठ्ठीवर आहे. तू फोन कर, बाई म्हणून दटाव, हवं तर रड, पण तिला शुक्रवारी खिडकीशी उभी कर. पैसे तुझे आहेत असं सांग. माझं नाव कुठंही यायला नको.

ता. क. ३. तिनं अगदीच खोदून विचारलं, म्हणजे दोनदा-तीनदा विचारलं, तर मात्र सांग.